ग्लायडरच्या कॉकपिटमध्ये लिथियम बॅटरी बसवावी का? आणि बसवायची तर कशी?

पंखपसारा
नमस्कार मंडळी. मी मूळचा पुण्याचा, सध्या दक्षिण जर्मनीत असतो आणि इथल्या एका छोट्या क्लबात ग्लायडिंग करतो. आमच्या दोन आसनी ग्लायडरमध्ये मागच्या सीटच्या डोक्यामागे १२ व्होल्टची सीलबंद लेड-ॲसिड बॅटरी आहे, ७ ॲम्पिअर-अवरची, वजन २.४ किलो. तिसऱ्या मोसमातच ती दमली. चार तासांनी रेडिओ खरखरायला लागतो.

क्लबातल्या तरुण मंडळींचं म्हणणं, लिथियम आयर्न फॉस्फेट टाका. त्याच मापाच्या डब्यात १० ॲम्पिअर-अवर मिळतात आणि वजन १.२ किलो. दर पटतो, आकडे पटतात. पण ही वस्तू माझ्या विद्यार्थ्याच्या मानेपासून एक वीत अंतरावर बसणार आहे आणि हजार मीटरवर रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून उतरता येत नाही. त्यामुळे सही करायच्या आधी इथे विचारतोय. बॅटरीशी रोजचा संबंध असलेले बरेच जण इथे आहेत हे मला ठाऊक आहे.

सह्यकडा
धागा वाचतोय. एक बाळबोध प्रश्न: ग्लायडरला इंजिनच नाही, मग बॅटरी कशाला लागते?

पंखपसारा
प्रश्न बाळबोध अजिबात नाही. रेडिओ, रडारला आपली ओळख आणि उंची कळवणारा ट्रान्सपाँडर, हवा वर नेतेय की खाली हे सांगणारा इलेक्ट्रॉनिक व्हेरिओ, आणि फ्लार्म. फ्लार्म म्हणजे आजूबाजूच्या विमानांशी टक्कर होऊ नये म्हणून इशारा देणारं यंत्र, २००४ साली स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालं आणि आता युरोपातल्या बहुतेक ग्लायडरांत असतं. एकाच थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या गरम हवेच्या खांबात, सात-आठ जण गोल फिरत असतात तेव्हा ते बंद पडून चालत नाही. आमच्या ग्लायडरमध्ये हे सगळं मिळून ०.९ ॲम्पिअर खातं. रेडिओचं बटण दाबून बोललं की दोनच्या आसपास.

फिटरकाका
३१ वर्षं विमानांच्या बॅटऱ्या सांभाळल्या, आता निवृत्त. तुझा प्रश्न वाचून बरं वाटलं. लोक आधी बसवतात आणि मग विचारतात.

एक गोष्ट डोक्यातून काढून टाक, की लेड-ॲसिड साधीभोळी आणि लिथियम तेवढी खवीस. लेड-ॲसिड चार्जिंगला हायड्रोजन सोडते. आमच्या काळातली निकेल-कॅडमियमही तापत जायची, तापली की जास्त करंट ओढायची, जास्त ओढला की आणखी तापायची. म्हणून तिला तापमानाचा सेन्सर असायचा आणि कॉकपिटमध्ये दिवा. बॅटरी शॉपमध्ये ॲसिडची खोली वेगळी, अल्कलीची वेगळी, पाने-पक्कड सुद्धा वेगळे. प्रत्येक बॅटरीचा स्वभाव असतो, तो ओळखून तिला जागा द्यायची.

लिथियमचा स्वभाव असा की तिच्या पोटातला रोध फार कमी. शॉर्ट झाली तर क्षणात शेकडो ॲम्पिअर. माझ्या एका सहकाऱ्याच्या बोटातली अंगठी टर्मिनल आणि पान्याच्या मध्ये सापडली होती, तीही साध्या बॅटरीवर. अंगठी काढली तेव्हा बोटावर तिची नक्षी उमटली होती. म्हणून माझा पहिला प्रश्न बॅटरीबद्दल नाहीच. तुमच्या ग्लायडरमध्ये फ्यूज कुठे आहे?

पंखपसारा
काका, फ्यूज पुढच्या पॅनेलवर आहे. प्रत्येक यंत्राला वेगळा.

फिटरकाका
म्हणजे बॅटरीपासून पॅनेलपर्यंतची वायर उघडीच. मागच्या सीटपासून पुढे, दोन-सव्वादोन मीटर तरी असेल. सीटच्या कडेने, बेल्टच्या बिजागरीजवळून, रडरच्या (शेपटीच्या सुकाणूच्या) केबलशेजारून जात असेल. ती कुठे घासून तांबं उघडं पडलं तर पॅनेलवरचा फ्यूज काय करणार? तो वायरच्या दुसऱ्या टोकाला आहे. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो आणि तो उगमापाशीच लागतो. प्लस टर्मिनलपासून बोटभर अंतरावर. शक्य तर बॅटरीच्या अंगावरच, म्हणजे बॅटरी काढून हातात घेतली तरी फ्यूज तिच्याबरोबर राहील. तुझा लोड दोन ॲम्पिअर, तर ५ चा फ्यूज पुष्कळ झाला.

हे आज कर. लिथियम आणायची की नाही ते नंतर ठरव.

सोनकी
+१. वाचनखूण साठवली.

दवबिंदू७८७
अहो, बोइंगसारख्यांची लिथियम पेटली तिथे तुमच्या क्लबाची काय कथा! ७ जानेवारी २०१३ ला बोस्टनमध्ये उभ्या असलेल्या जपान एअरलाइन्सच्या ७८७ ची बॅटरी पेटली, १६ तारखेला ऑल निप्पॉनचं विमान ताकामात्सुला तातडीने उतरवलं, आणि जगभरातली सगळी ७८७ जमिनीवर. एअर इंडियाचीही सहा त्यात होती. माझं स्पष्ट मत: छोट्या विमानात लिथियम नकोच.

मंजिरी_टेक्सास
दवबिंदू, तारखा बरोबर आहेत पण निष्कर्ष अर्धा आहे. त्या बॅटऱ्या लिथियम कोबाल्ट ऑक्साइडच्या होत्या, आठ सेल एकमेकांना खेटून. एक सेल बिघडला की शेजारचा तापायचा, मग त्याच्या शेजारचा. आणि बोइंगने पुढे लिथियम टाकून नाही दिली. सेलांमधलं इन्सुलेशन वाढवलं, सगळी बॅटरी स्टीलच्या पेटीत बंद केली आणि पेटीतून थेट विमानाबाहेर नळी काढली. म्हणजे बिघाड झालाच तर त्याचा धूर आणि उष्णता माणसांपर्यंत येणार नाही अशी सोय. आपल्यासारख्यांनी शिकायचं ते हे.

मी आणि नवरा गॅरेजमध्ये दोन सीटचं विमान बांधतोय, सहावं वर्ष चालू आहे. आम्ही अर्थएक्सची आयर्न फॉस्फेट बॅटरी घेतली. ती इंजिनाच्या बाजूला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या आगरोधक भिंतीच्या) पलीकडे बसवली. आमच्या विमानाचा मूळ आराखडा बॅटरी केबिनमध्ये दाखवतो. केबिनमध्ये ठेवायची झाली तर पेटी आणि बाहेर जाणारी व्हेंटची नळी हवी. एक दिवस कॅल्क्युलेशनचा कागद घेऊन बसलो आणि ठरवलं की नळी काढत बसण्यापेक्षा बॅटरीच बाहेर नेऊ. लांब केबल टाकावी लागली, त्याचं वजन वाढलं, हरकत नाही.

इंजिनवाल्यांसाठी आणखी एक: अल्टरनेटरचा रेग्युलेटर बिघडला तर व्होल्टेज भलतंच चढतं. लेड-ॲसिड ते थोडा वेळ पिऊन टाकते. लिथियमचं बीएमएस, म्हणजे बॅटरीतलं संरक्षक सर्किट, स्वतःला तोडून घेतं आणि मग ते सगळं व्होल्टेज तुमच्या रेडिओवर येतं. १६ व्होल्टच्या आसपास अल्टरनेटर बंद पाडणारं (त्याचं फील्ड तोडणारं) संरक्षण लावल्याशिवाय लिथियम बसवू नका. पंखपसारा, तुम्हाला इंजिनच नाही, तुम्ही यातून सुटलात.

नाशिकचा_ईव्हीवाला
दुचाकी आणि रिक्षांच्या बॅटऱ्या रोज उघडतो, त्यावरून सांगतो.

आयर्न फॉस्फेट आणि एनएमसी (निकेल-मँगनीज-कोबाल्टवाली लिथियम) यांत फरक आहेच. फॉस्फेट भडकायला बरंच जास्त तापमान लागतं आणि भडकली तरी एनएमसीसारखा फटाक्याचा बार होत नाही. पण "फॉस्फेट पेटतच नाही" असं दुकानदार सांगतात ते ऐकू नका. आतलं इलेक्ट्रोलाइट तेच, ज्वालाग्राही. तापलं की वायू सोडतं आणि त्यात हायड्रोजन फ्लोराइड असतं. वर्कशॉपमध्ये शटर वर करून पळता येतं. तुमच्या कॉकपिटमध्ये हवा किती, घनमीटरभर? तिथे ज्वाळेच्या आधी धूरच घात करेल.

दुसरं, माझ्याकडे आलेल्या बिघडलेल्या पॅकमध्ये सेल क्वचितच दोषी असतो. निकेलची पट्टी कडेला घासून इन्सुलेशन फाटलेलं, बीएमएसची सेन्स वायर चेमटलेली, पाणी शिरून गंजलेला कनेक्टर. एक पॅक उघडला तर आत सेलांना फक्त हॉट ग्लूने चिकटवलेलं. उन्हात ग्लू मऊ झाला, सेल सरकले, आणि बीएमएसच्या पाटीचं सोल्डर सेलच्या कडेवर टेकलं. बाहेरून पॅक चकाचक होता.

जुगाडू
माझ्याकडे लॅपटॉपच्या जुन्या पॅकमधले १८६५० मापाचे गोल लिथियम सेल पडलेत. टेस्ट केलेत, चांगली कपॅसिटी देतात. त्यातून घरी पॅक बांधला तर एक तृतीयांश खर्चात काम होईल. मी घरच्या इन्व्हर्टरला वापरतोय, दोन वर्षं झाली.

नाशिकचा_ईव्हीवाला
दादा, इन्व्हर्टर जमिनीवर आहे. विमानात नको, कितीही हौस असली तरी नको. जुन्या सेलची कपॅसिटी मोजता येते, पण तो आयुष्यात कधी आपटला का, कधी शून्याखाली चार्ज झाला का, आत लिथियमचा थर साचलाय का, हे बाहेरून कोणतं मशीन सांगणार? आणि लॅपटॉपचे सेल कोबाल्ट किंवा एनएमसीचे. तीन सेल सिरीजमध्ये ११.१ होतात, चार म्हटलं तर १४.८. १२ व्होल्टच्या यंत्रांशी धड जुळतही नाहीत. फॉस्फेटचे चार सेल म्हणजे १२.८, ते नीट बसतं.

जुगाडू
व्होल्टेजचा मुद्दा मान्य. विमानाचा विचार सोडला.

उंचमाझाझोका
(थोडं अवांतर) ग्लायडिंग वाचून हडपसर आठवलं! कॉलेजात असताना तिथल्या ग्लायडिंग सेंटरला विंचने (जमिनीवरून केबल ओढणाऱ्या यंत्राने) वर गेले होते. तो केबलचा हिसका, पोटात खड्डा, आणि केबल सुटल्यावरची ती शांतता. खाली रेल्वेची लाइन आणि शेतं. त्या ग्लायडरमध्ये फक्त वाऱ्याचा आवाज ऐकलेला आठवतोय.

पंखपसारा
माझीही सुरुवात तिथलीच! तोच हिसका, तीच शांतता. आता पुन्हा धाग्यावर येतो, नाहीतर इथे आठवणींचा गणपती बसेल.

लेस्टरकर
मी इंग्लंडमध्ये ग्लायडिंग करतो. २०१७ च्या ऑगस्टमध्ये ससेक्समधल्या पारहॅमला एक ग्लायडर उतरत असताना त्याची बॅटरी पेटली. नाकात इलेक्ट्रिक मोटर असलेलं ग्लायडर होतं, म्हणजे बॅटरी आपल्या १२ व्होल्टवाल्या डबीपेक्षा कितीतरी मोठी, लिथियम पॉलिमरची, पायलटच्या मागच्या कप्प्यात. पायलट सुखरूप बाहेर आला. हेच दहा मिनिटं आधी झालं असतं तर, हा विचार त्या आठवड्यात आमच्या क्लबात प्रत्येकाने मनात केला. त्यानंतर मी उड्डाणाआधी स्वतःला मोठ्याने सांगतो: धूर आला तर मास्टर स्विच बंद, कॅनॉपीची (कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाची) सरकती खिडकी उघड, हवेचा झोत पूर्ण उघड, जवळात जवळ सपाट शेत. आणि पॅराशूट पाठीवर आहे हे विसरू नकोस.

आता माझा स्वतःचा अनुभव. मी फॉस्फेट बॅटरी बसवली आणि जुन्या सवयीने व्होल्टमीटरवर भरवसा ठेवला. लेड-ॲसिड हळूहळू उतरते, १२.६, १२.२, ११.८, आपल्याला अंदाज येतो. फॉस्फेटचं तसं नाही. १३.२, १३.१, १३.१, १३.०, तासन्‌तास तिथेच, आणि मग दहा मिनिटांत कडा कोसळल्यासारखी खाली. बीएमएसने तोडलं. लँडिंगच्या सर्किटमध्ये डाउनविंडला, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर जाणाऱ्या टप्प्यात होतो, रेडिओवर अर्धं वाक्य बोललो आणि पॅनेल काळं. फ्लार्म बंद, व्हेरिओ बंद. मेकॅनिकल व्हेरिओ आणि एअरस्पीड इंडिकेटर होते म्हणून काही बिघडलं नाही, पण समोरून दुसरं ग्लायडर त्याच सर्किटमध्ये येत होतं आणि त्याला मी कुठे आहे ते सांगता येईना. आता मी व्होल्ट बघत नाही. लोड मोजलाय, घड्याळ बघतो, ६० टक्के कपॅसिटी संपायच्या वेळेला दुसरी बॅटरी लावतो.

फिटरकाका
लेस्टरकर, हा प्रतिसाद प्रिंट काढून हँगरच्या भिंतीला लावण्यासारखा आहे.

दवबिंदू७८७
मंजिरीताई, कोबाल्ट-फॉस्फेटचा फरक मान्य. पण २०११ मध्ये सेस्नाच्या सीजे४ जेटची लिथियम-आयन मेन बॅटरी जमिनीवर पेटली आणि एफएएने (अमेरिकेच्या विमान नियामकाने) ती काढून निकेल-कॅडमियम किंवा लेड-ॲसिड बसवायला लावली. सगळ्या परवानग्या घेतलेलं विमान होतं ते. माझी भीती अगदीच हवेतली नाही.

मंजिरी_टेक्सास
नाहीच. म्हणूनच केबिनमधून बाहेर काढली. आणखी एक उदाहरण देते, त्यात तर चार्जिंगचा संबंधच नव्हता. जुलै २०१३, हीथ्रो, इथिओपियन एअरलाइन्सचं उभं ७८७. शेपटीजवळच्या आपत्कालीन ट्रान्समीटरची छोटी बॅटरी, लिथियम मँगनीज डायऑक्साइड, एकदाच वापरायची. बॅटरीच्या वायरी झाकणाखाली चिमटल्या होत्या, तिथे शॉर्ट झाला आणि विमानाचं छत जळलं. झाकण लावताना वायर कुठे आहे ते बघितलं नाही, एवढंच. फिटरकाका आणि नाशिकचे दादा वर तेच सांगताहेत.

चिमणपाखरू
सगळे फिक्स बॅटरीबद्दल बोलताय, पण पॉवर बँकचं काय? मी जुहूला उडायला शिकते. जवळजवळ प्रत्येक जण टॅबलेट मांडीला बांधतो आणि पॉवर बँक सीटच्या खाचेत कोंबतो.

फिटरकाका
पोरी, लाखातलं बोललीस. फिक्स बॅटरीवर कोणाची तरी सही असते, पॉवर बँकवर कोणाचीच नसते. सीटच्या खाचेत ती दाबली जाते, सीट पुढे सरकवली की चेमटते. आणि सुटून पुढे घरंगळली तर रडरच्या पॅडलखाली जाते. न पेटताही माणूस मारू शकते ती.

लेस्टरकर
आणि ऊन! कॅनॉपी उघडी ठेवून ग्लायडर उभं केलं की तिचा बाक भिंगासारखं काम करतो. आमच्या क्लबात एका उशीला असं नाण्याएवढं भोक पडलंय, कडा तपकिरी आणि मध्ये वितळलेला फोम. त्या जागी पॉवर बँक असती तर? लंचला गेलात तरी कॅनॉपी बंद, वर पांढरं कव्हर, आणि पॉवर बँक बरोबर घेऊन जायची.

सह्यकडा
प्रवासी विमानात पॉवर बँक चेक-इनच्या बॅगेत का टाकू देत नाहीत ते आता कळलं. पेटली तर दिसायला हवी, हात पोचायला हवा.

चिमणपाखरू
बरोबर. १०० वॉट-अवरपर्यंत केबिनमध्ये नेता येते, १०० ते १६० ला एअरलाइनची परवानगी लागते. आणि धूर येऊ लागला तर ज्वाळा विझवल्यावर पाणी ओतत राहायचं, तिला थंड करायला. बर्फ किंवा ब्लँकेट नाही, त्याने उष्णता आत कोंडते. आम्हाला हे ग्राउंड क्लासमध्ये शिकवलं. मी आता पॉवर बँक वेल्क्रोच्या पाऊचमध्ये, दिसेल आणि उपटून काढता येईल अशी लावते. पाण्याची बाटली शेजारी.

पंखपसारादादा, तुम्ही स्वतःच बदल करू शकता का पण? आपल्याकडे मान्य बदल आणि एएमईची (परवानाधारक विमान देखभाल अभियंत्याची) सही याशिवाय सर्टिफाइड विमानाला स्क्रूही लावता येत नाही.

पंखपसारा
इथेही मनमानी नाही. सीएस-स्टॅन म्हणून युरोपच्या विमान नियामकाची ठरावीक बदलांची यादी आहे, त्यात बसलं तर वेगळी मंजुरी लागत नाही, पण कागद आणि इन्स्पेक्टरची सही लागतेच. आमच्या इन्स्पेक्टरने पहिला प्रश्न विचारला तो वजनाचा. बॅटरी १.२ किलोने हलकी झाली तर तोल किती सरकला?

दवबिंदू७८७
सव्वा किलोने काय फरक पडतो?

लेस्टरकर
कुठे आहे त्यावर. काही ग्लायडरांत बॅटरी नाकात असते. तिथून सव्वा किलो काढलं की गुरुत्वमध्य मागे जातो आणि हलक्या पायलटला ग्लायडर स्पिनमध्ये (गरगरत खाली कोसळण्यात) जायला सोपं होतं. कॉकपिटमधल्या वजनाच्या पाटीवर पायलट किमान ७० किलोचा हवा असं लिहिलंय आणि समोर ७१ किलोची मुलगी बसलीय, तर बदलानंतर ती त्या पाटीच्या आत आहे की बाहेर, हे वजन करूनच सांगता येईल. शेपटीच्या पंखात बॅटरी असेल तर उलट.

मंजिरी_टेक्सास
आणि थंडी? वेव्हमध्ये, म्हणजे डोंगरामागच्या हवेच्या लाटेत, वर उणे वीस असतं म्हणे.

लेस्टरकर
वापरायला चालते, कपॅसिटी कमी मिळते. शून्याखाली चार्ज मात्र करायची नाही, आत लिथियमचा थर बसतो आणि तो पुढे शॉर्ट करतो. ज्यांच्या ग्लायडरवर सोलर पॅनेल आहे त्यांनी बीएमएस शून्याखाली चार्जिंग थांबवतं का, हे विकत घेण्याआधी बघावं. सगळी थांबवत नाहीत.

पंखपसारा
तीन आठवड्यांनी परत येतोय. सगळ्यांचे मनापासून आभार. काय केलं ते सांगतो.

काकांनी सांगितलं त्याच संध्याकाळी जुनी वायर बाहेर ओढली. मागच्या सीटच्या चौकटीला एक बोल्ट आहे, त्याच्याजवळ वायरचं आवरण घासून कागदासारखं पातळ झालं होतं, खालचं तांबं लालसर दिसत होतं. ही इतकी वर्षं तशीच उडत होती, आमच्या पोरांना घेऊन. मी ती वायर क्लबाच्या टेबलावर ठेवली आणि कोणीही फारसं बोललं नाही. नवी वायर टाकली, बोल्टपाशी स्लीव्ह घातली, ५ ॲम्पिअरचा फ्यूज थेट बॅटरीच्या प्लसवर.

बॅटरी फॉस्फेटचीच घेतली, तयार, बीएमएस असलेली, ज्यावर उत्पादकाने विमानासाठी म्हणून कागद दिलाय अशी. खाली ॲल्युमिनियमचा ट्रे, वर धातूची पट्टी. इन्स्पेक्टरने १५ जी, म्हणजे धडकेत वजनाच्या पंधरापट जोर, धरायला सांगितले. १.२ किलो गुणिले १५ म्हणजे १८ किलो. सामान तोलायचा हुकाचा काटा पट्टीला अडकवून पुढे, वर आणि बाजूला २० किलोपर्यंत ओढलं. पहिल्यांदा ट्रेचा मागचा स्क्रू हलला. मोठं वॉशर घालून पुन्हा ओढलं, मग हलला नाही.

ग्लायडर तोललं. बॅटरी मागे होती, त्यामुळे तोल किंचित पुढे सरकला, मर्यादेत आहे, नवी पाटी लावली. चार्जिंग कॉकपिटमध्ये नाहीच. बॅटरी काढून हँगरबाहेरच्या काँक्रीटच्या ओट्यावर, १४.६ व्होल्टला थांबणाऱ्या फॉस्फेटच्याच चार्जरने. जुना लेड-ॲसिडचा चार्जर डिसल्फेशनचे (प्लेटांवरचा सल्फेटचा थर काढायचे) जास्त व्होल्टेजचे ठोके देतो, म्हणून तो हँगरमधूनच हलवला. कोणीतरी घाईत तोच जोडेल अशी भीती होती. बॅटरी हातातून पडली तर ती पुन्हा विमानात जाणार नाही, फुगली नसली तरी, असं सगळ्यांनी मिळून ठरवलं.

व्हेंटची नळी अजून नाही. मंजिरीताईंचं वाचल्यापासून ते डोक्यात आहे. पेटीला झाकण करून नळी मागच्या पोकळीतून बाहेर काढायचा आराखडा इन्स्पेक्टरकडे दिलाय. त्याचं उत्तर येईपर्यंत मागच्या सीटवर मी बसतोय, विद्यार्थी पुढे.

काल ६ तास १० मिनिटं उडालो. उतरताना व्होल्टमीटर १३.१ दाखवत होता, पण मी घड्याळ बघत होतो.

दवबिंदू७८७
विद्यार्थी पुढे आणि स्वतः मागे, हे वाचून माझा विरोध निम्मा झाला. नळी लागली की उरलेलाही मागे घेईन.

फिटरकाका
छान काम केलंस. पंचवीस तासांनी सीट काढून त्या बोल्टपाशी स्लीव्ह घासतेय का बघ. नुसतं बघू नकोस, बोट फिरवून बघ.

पंखपसारा
हो काका, लॉगबुकात लिहून ठेवलंय.